घटना आणि मुद्रा : संविधानाच्या स्मारकमुद्रांच्या भाषेचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठीतील 'घटना' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एका अर्थी घटना म्हणजे घडलेली गोष्ट. तिला दिवस असतो, स्थळ असते आणि ती घडून गेल्यावर संपते. दुसऱ्या अर्थी घटना म्हणजे रचना, जुळणी. याच अर्थाने 'राज्यघटना' हा शब्द रूढ झाला आहे. दोन्ही अर्थ 'घट्' या एकाच धातूपासून निघालेले आहेत, तथापि त्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. पहिल्या अर्थाची घटना होऊन जाते, दुसऱ्या अर्थाची घटना चालू राहते. 'मुद्रा' या शब्दाचीही स्थिती अशीच आहे. मुद्रा म्हणजे ठसा, शिक्का, नाणे. आणि मुद्रा म्हणजे चेहरा, चर्या. राजाची मुद्रा म्हटले म्हणजे त्याचा शिक्का की त्याचे मुख, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

संविधानाच्या स्मरणार्थ पदक किंवा नाणे पाडले जाते तेव्हा हे दोन्ही शब्द आपापल्या दोन्ही अर्थांसह एकत्र येतात. चालू राहणारी घटना धातूच्या तुकड्यावर उमटवावयाची असते. परंतु धातूला सोयीची असते ती होऊन गेलेली घटना, कारण तिला तारीख देता येते. शिक्का उमटवावयाचा असतो; परंतु शिक्क्याच्या जागी चेहरा बसविण्याची परंपरा फार जुनी आहे. यातून एक प्रश्न निष्पन्न होतो. संविधान ज्या वाक्यातून अस्तित्वात येते त्या वाक्यातील कर्ता आणि क्रिया यांचे मुद्रेवर काय होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासाशी निगडित असलेल्या उदाहरणांच्या आधारे केला आहे. 'स्मारकमुद्रा' ही संज्ञा येथे पदक, स्मारक नाणे आणि राज्यस्थापनेची खूण म्हणून पाडलेले नाणे या तिहींसाठी व्यापक अर्थाने योजिली आहे.

हा प्रश्न केवळ नाणकशास्त्राचा नाही. संविधानाचा मूळ ग्रंथ वाचणारे थोडे आणि त्याची स्मारके पाहणारे पुष्कळ, अशी स्थिती सर्वच देशांत असते. ज्याला ग्रंथ अपरिचित आहे तो स्मारकावरूनच संविधानाचे स्वरूप ताडतो. स्मारकाने संविधान म्हणजे कोणीतरी दिलेली देणगी असे सांगितले, तर पाहणारा स्वतःला याचक समजतो. म्हणून मुद्रालेखातील एका विभक्तीचाही हिशेब घ्यावा लागतो.

२. मुद्रालेखाचे व्याकरण

मुद्रालेख बहुधा क्रियापदावाचून असतो. जागा अपुरी असणे हे त्याचे एक कारण; परंतु तेवढेच कारण नव्हे. क्रियापद आले की काळ येतो, काळ आला की पूर्वी आणि नंतर यांचा विचार येतो. मुद्रेला कालातीत दिसावयाचे असते. म्हणून ती नामे मांडते: नाव, पदवी, स्थळ, वर्ष. नामांच्या या मांडणीत कर्त्याची जागा ज्याला मिळते तोच सत्तेचा धनी, असे वाचकाने समजावयाचे असते.

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या राज्याच्या नाण्यांवर, सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर, एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' असा लेख आहे. भोवतालच्या सत्तांची नाणी फारसी लेखांची असताना हा लेख देवनागरीत आहे, ही गोष्ट त्या काळच्या भाषानीतीशी जुळणारी आहे. राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' याच राजवटीत सिद्ध झाला. शिवराईच्या लेखात चार शब्द आहेत आणि क्रियापद एकही नाही. चेहरा नाही, वर्षही नाही. त्यामुळे हा लेख त्याच्या मूळ धन्यानंतरही वापरता आला. सातारा ही छत्रपतींची राजधानी झाल्यानंतरच्या काळातही शिवरायांच्या नावाचीच शिवराई पडत राहिली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत ती लोकांच्या हाती होती. व्यक्तीचे नाम येथे संस्थेचे नाम झाले. वर्षाचा आणि चेहऱ्याचा अभाव हाच त्या लेखाचा टिकाऊपणा ठरला.

याच्या उलट उदाहरण शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेचे आहे. ती संस्कृत श्लोकात असून तिच्यात क्रियापद आहे, 'राजते'. विशेष असा की त्या क्रियापदाचा कर्ता राजा नाही. कर्ता मुद्रा स्वतःच आहे. राजाचे नाव आणि त्याच्या पित्याचे नाव ही दोन्ही षष्ठीच्या आश्रयाने येतात, आणि मुद्रेचे प्रयोजन 'भद्राय' या चतुर्थ्यंत पदाने सांगितले जाते. म्हणजे या वाक्यात सत्ताधीश हा संबंधदर्शक आहे, सत्तेचे चिन्ह कर्ता आहे आणि कल्याण हे उद्दिष्ट आहे. मुद्रेने आपण कशासाठी आहोत हे चतुर्थी विभक्तीत सांगावे, ही गोष्ट दुर्मिळ आहे. पुढील काळातील शिक्क्यांत हे प्रयोजन मागे पडलेले दिसते. बाजीराव पेशव्यांच्या शिक्क्यात प्रथम शाहू छत्रपतींचे नाव विशेषणांसह येते आणि नंतर मुख्य प्रधानाचे नाव येते. दोन नामे एकापुढे एक ठेवली आहेत; त्यांच्यातील नाते क्रमाने कळते, क्रियेने नव्हे. कोण कोणाचा, एवढेच तो शिक्का सांगतो. कशासाठी, हे सांगत नाही.

मराठी दप्तरात पत्राच्या आरंभी शिक्का आणि अखेरीस लहान मुद्रा म्हणजे मोर्तब उमटविण्याची पद्धत होती. मोर्तब झाले की लेखन संपले. त्याखाली कोणी काही वाढवू नये, हा त्यामागील हेतू. 'शिक्कामोर्तब होणे' हा आजचा वाक्प्रचार या पद्धतीचीच आठवण आहे. शिक्कामोर्तब झाले म्हणजे विषय मिटला. संविधानाच्या स्मारकमुद्रेपुढील मूळ अडचण हीच आहे. ज्या लेखनाची सीमा कायमची आखता येत नाही त्यावर मोर्तब कसे करावयाचे?

३. लिहिणारा हात

ही अडचण युरोपातही आली होती. फ्रान्समधील १७८९ च्या क्रांतीपूर्वी सोळाव्या लुईच्या चांदीच्या नाण्यावरील लेख लॅटिन भाषेत होता आणि त्यात देवाच्या कृपेने फ्रान्स व नाव्हार यांचा राजा अशी त्याची पदवी होती. १७९१ चे संविधान आले आणि नाण्याचा लेख बदलला. लॅटिनच्या जागी फ्रेंच आली. 'फ्रान्सचा राजा' जाऊन 'फ्रेंचांचा राजा' आला. षष्ठी तीच राहिली, परंतु तिच्या पोटात भूमीऐवजी माणसे आली. दुसऱ्या बाजूस पूर्वी परमेश्वराच्या नामाची स्तुती असे. तेथे 'कायद्याचे राज्य' अशा अर्थाचे शब्द आले.

लेखात क्रियापद नव्हतेच. परंतु कोरणकार ओग्युस्तँ द्युप्रे याने क्रिया चित्रात आणली. पंख असलेली एक आकृती शिलापट्टावर 'संविधान' हा शब्द लिहीत आहे, असे ते चित्र आहे. शब्द लिहून झालेला नाही, लिहिला जात आहे. चित्राला वर्तमानकाळ आहे. लेखाने नामे द्यावीत आणि चित्राने क्रिया द्यावी, ही युक्ती मुद्रेच्या मर्यादेवरील एक उत्तर म्हणून मोलाची आहे. मात्र त्या उत्तरात एक उणीव राहिली. लिहिणारी आकृती राजाची नाही आणि लोकांचीही नाही. ती एका अमानुष प्रतिभेची आहे. कर्ता कोण, हा प्रश्न कलावंताने पंख लावून टाळला. जानेवारी १७९३ मध्ये लुईला देहान्त शासन झाले. त्या वर्षीच्या नाण्यांवरून राजाचा चेहरा गेला, पण लिहिणारी आकृती राहिली. पुढे एकोणिसाव्या शतकातील वीस फ्रँकच्या सोन्याच्या नाण्यावर ती पुन्हा आली. ज्या संविधानासाठी ती प्रथम कोरली गेली ते संविधान एक वर्षही पुरते टिकले नव्हते. संविधान गेले आणि त्याची मुद्रा शतकभर चालली. मुद्रेचा टिकाऊपणा हा संविधानाच्या टिकाऊपणाचा पुरावा नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

४. मुकुटाकडून नामाकडे

भारतातील संक्रमणाचा आलेख मुद्रालेखांतून स्पष्टपणे काढता येतो. १९४७ च्या स्वातंत्र्यानिमित्त सैनिकांसाठी जे पदक सिद्ध झाले त्याच्या एका बाजूस अशोकचक्र आहे, परंतु त्या चक्रावर मुकुट आहे आणि भोवती लॅटिन भाषेत सहाव्या जॉर्जची पदवी आहे. दुसऱ्या बाजूस अशोकस्तंभावरील सिंह असून इंग्रजीत भारतीय स्वातंत्र्य आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख आहे. सैनिकी परंपरेच्या सातारा जिल्ह्यातील जुन्या घरांना हे पदक अपरिचित नसावे. भाषेच्या दृष्टीने ते संक्रमणकाळाचे प्रामाणिक चित्र आहे: चिन्ह एका राष्ट्राचे, पदवी दुसऱ्या राष्ट्राच्या राजाची, आणि दोन्ही लेख पदकधारकाला बहुधा परक्या असलेल्या भाषांत. भारत त्या वेळी अधिराज्य होता. त्याचे स्वतःचे संविधान अद्याप लिहिले जावयाचे होते. स्वातंत्र्याची घटना झाली होती, राज्याची घटना झाली नव्हती.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० पासून ते पूर्णतः अमलात आले. १५ ऑगस्ट १९५० पासून प्रजासत्ताकाची पहिली नाणी प्रचारात आली. राजाच्या चेहऱ्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष आले आणि रुपयावरील वाघाच्या जागी धान्याची कणसे आली. चेहरा काढून चिन्ह आणणे हा संविधानाचा अर्थ मुद्रेवर आणण्याचा पहिला प्रयत्न होय, आणि तो अत्यंत संयमित आहे. मात्र सिंहशीर्षाभोवतीचा लेख 'गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया' असा इंग्रजी होता. राजा गेला; त्याच्या जागी 'लोक' नव्हे तर 'सरकार' आले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती सुरू झाली आणि नव्या पैशांवर 'भारत' आणि त्याचे इंग्रजी रूप एवढेच नाव राहिले. राजा, सरकार, देश असा हा दहा वर्षांचा प्रवास आहे. प्रत्येक पायरीवर लेख लहान होत गेला आणि त्यातील धनीपणाचा सूर कमी होत गेला. केवळ 'भारत' या लेखात कोणी कोणाचा नाही. शिवराईच्या लेखातील निर्वर्षता आणि निर्मुखता येथे निराळ्या मार्गाने परत आली, असे म्हणता येईल.

२६ जानेवारी १९५० रोजी निघालेल्या चार टपाल तिकिटांचाही येथे उल्लेख करावयास हवा, कारण ती नाण्यांना पूरक आहेत. आनंद करणारा जनसमुदाय, लेखणी व दौत, कणीस व नांगर, आणि चरखा व कापड, असे त्यांचे विषय होते. नाण्यावर ज्यांना जागा मिळाली नाही ते लोक दोन आण्यांच्या तिकिटावर आले. आणि द्युप्रेने पंख असलेल्या आकृतीच्या हाती दिलेली लेखणी येथे कोणाच्याच हाती नसून दौतीपाशी आहे. लोक एका तिकिटावर आणि लेखणी दुसऱ्या तिकिटावर! दोन्ही एका चित्रात आली असती तर कर्ता आणि क्रिया यांची गाठ पडली असती.

५. 'प्रतिनिधी' या शब्दाचा प्रवास

कर्त्याचा प्रश्न सातारा-सांगलीच्या भूमीवर प्रजासत्ताकाच्या आधी अकरा वर्षे अत्यंत तीव्रतेने उभा राहिला होता. औंध हे बहात्तर गावांचे लहान संस्थान. त्याचे मुलूख एकसंध नव्हते. राजधानी औंध ही आजच्या सातारा जिल्ह्यात. आटपाडी आणि कुंडल हे भाग आजच्या सांगली जिल्ह्यात. गुणदाळ हा भाग विजापूरकडे. (सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.) संस्थानाधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य घटना अमलात आली. तिच्या सिद्धतेत महात्मा गांधींचे मार्गदर्शन, राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा उत्साह आणि पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन ऊर्फ स्वामी भारतानंद यांचे लेखनसाहाय्य होते. निवडलेली ग्रामपंचायत हा तिचा पाया. पंचायतींतून तालुक्याचे मंडळ आणि तालुक्यांतून विधिमंडळ, अशी तिची रचना खालून वर जाणारी होती. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली तेव्हा हा प्रयोग संपला.

भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष येथे राजघराण्याच्या नावाकडेच जाते. 'प्रतिनिधी' म्हणजे दुसऱ्याच्या जागी ठेवलेला. राजाराम महाराजांच्या जिंजीतील वास्तव्यात हे पद निर्माण झाले. प्रल्हाद निराजी हे पहिले प्रतिनिधी. पुढे ते किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावले. प्रतिनिधी कोणाचा, तर छत्रपतींचा. पदाची षष्ठी वरच्या दिशेने लागलेली होती. शतकांच्या ओघात छत्रपतींची सत्ता संपली, परंतु पद आडनावासारखे उरले. म्हणजे ज्याच्या जागी ठेवावयाचे तो नाहीसा झाला आणि जागेवर ठेवलेलाच स्वयंभू झाला. १९३९ च्या घटनेने या शब्दाची दिशा बदलली. आता प्रतिनिधी म्हणजे गावाने निवडून दिलेला. षष्ठी खालच्या दिशेने लागली. एकाच संस्थानात एकाच वेळी 'पंतप्रतिनिधी' आणि 'लोकप्रतिनिधी' हे दोन शब्द नांदले आणि पहिल्याने दुसऱ्यास वाट करून दिली. कोशकारांना अर्थांतराचे इतके निःसंदिग्ध, तारखेसह सांगता येणारे उदाहरण क्वचितच मिळेल.

आता कल्पना करावी की या घटनेची स्मारकमुद्रा पाडावयाची आहे. तिच्यावर कोणाचा चेहरा यावा? परंपरा सांगेल की राजाचा. कारण घोषणा त्याची, त्याग त्याचा. हे उत्तर अन्यायाचे नाही. इतर संस्थानिक सत्ता घट्ट धरून बसलेले असताना ज्याने ती सोडली त्याचे स्मरण करणे उचितच आहे. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने हे उत्तर घटनेच्या उलट जाते. राजाचा चेहरा आला की वाक्य 'राजाने दिली' असे होते, आणि दिलेली वस्तू देणारा परत घेऊ शकतो. औंधच्या घटनेचे सार 'राजाने दिली' यात नसून 'गावांनी चालविली' यात आहे. पहिले वाक्य एका दिवसाचे आहे, दुसरे सुमारे नऊ वर्षांचे. मुद्रा पहिल्यासाठी सोयीची, दुसऱ्यासाठी गैरसोयीची.

या प्रयोगाचे एक स्मारक मात्र धातूत नसून भाषेत आहे. आटपाडीजवळ बंदिवानांची जी खुली वसाहत याच काळात उभी राहिली तिचे नाव 'स्वतंत्रपूर'. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागे याच वसाहतीची प्रेरणा होती. कैद्यांच्या वस्तीस हे नाव देणे म्हणजे नामातच एक विधान करणे होय. ग्रामनामात क्रियापद नसते हे खरे. परंतु ग्रामनाम उच्चारले जाते, पत्त्यात लिहिले जाते, वाटसरूला सांगितले जाते. त्याचा प्रत्येक उच्चार ही नवी क्रिया असते. मुद्रा पेटीत राहते. नाव तोंडी राहते.

६. 'आम्ही' चा चेहरा

भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे मराठी रूप 'आम्ही' या सर्वनामाने सुरू होते. हिंदीतील 'हम' ला नसलेला एक भेद मराठीत आहे. 'आपण' मध्ये ऐकणारा समाविष्ट असतो, 'आम्ही' मधून तो वगळलेला असतो. मग सर्वांना सामावून घेणाऱ्या वाक्याला 'आपण' अधिक शोभले नसते काय? तसे झाले नाही हे योग्यच झाले. 'आपण' हे आदरार्थी द्वितीय पुरुषीही असल्याने तेथे संदिग्धता आली असती. शिवाय 'आम्ही' ला एक राजकीय इतिहास आहे. राजाने स्वतःविषयी बहुवचनात बोलावे, ही रीत मराठीला परकी नाही. जे सर्वनाम एका माणसाच्या थोरवीसाठी वापरले जात होते ते उद्देशिकेत खऱ्या अर्थाने बहुवचनी झाले. वगळलेला श्रोता कोण, याचे उत्तर वाक्याच्या शेवटी मिळते. अर्पण करणारे आणि ज्यांना अर्पण करावयाचे ते एकच आहेत. 'स्वतःप्रत' या जुन्या वळणाच्या रूपाने दाता आणि ग्रहीता यांचे वर्तुळ पूर्ण होते. वगळावा असा कोणी उरतच नाही.

हे वर्तुळ मुद्रेवर कसे आणावयाचे? अलीकडच्या स्मारक नाण्यांनी या प्रश्नाला एका चेहऱ्याने उत्तर दिले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० मध्ये एक रुपयाचे, आणि १२५ व्या जयंतीनिमित्त ६ डिसेंबर २०१५ रोजी दहा व एकशेपंचवीस रुपयांची नाणी निघाली. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून पाळण्यास याच २०१५ सालापासून आरंभ झाला, आणि संविधानाच्या स्वीकारास पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, राष्ट्रपतींच्या हस्ते स्वतंत्र स्मारक नाणे प्रकाशित झाले.

बाबासाहेबांच्या मुद्रेचा विचार साताऱ्यात बसून करणाऱ्याला एक गोष्ट विसरता येत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव लिहिले गेले. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत या विद्यार्थ्याला इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने पाणी ओतल्याखेरीज तहान भागविता येत नसे. ज्याच्या स्पर्शाचा विटाळ मानला गेला त्याचा चेहरा हातोहात फिरणाऱ्या नाण्यावर यावा, यात इतिहासाचा न्याय आहे. नाणे ही स्पर्शावाचून न चालणारी वस्तू आहे. हा अर्थ कोणत्याही लेखाशिवाय सिद्ध होतो आणि तो कमी लेखता येणार नाही.

तरीही समीक्षेला येथे थांबता येत नाही. राजाचा चेहरा आणि मसुदाकाराचा चेहरा यांत मूलभूत भेद आहे. राजा दाता म्हणून नाण्यावर येतो; मसुदा समितीचा अध्यक्ष लिहिणारा म्हणून येतो. द्युप्रेने जेथे पंख असलेली आकृती बसविली तेथे आता एक खरा माणूस आला, असा या चित्राचा अर्थ होतो. आणि फ्रेंच मुद्रेच्या मानाने ही निश्चित प्रगती आहे. परंतु चित्राने जे साधले ते प्रसंगाच्या निवडीने गमावले. १९९० आणि २०१५ या दोन्ही वेळी प्रसंग आहे तो जयंतीचा, म्हणजे व्यक्तीच्या जन्माचा. लेखनाचा किंवा स्वीकाराचा नव्हे. हातात लेखणी नाही आणि लेखात क्रिया नाही. त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात लिहिणाऱ्याचे रूपांतर देणाऱ्यात होण्यास विलंब लागत नाही. 'बाबासाहेबांनी आपल्याला संविधान दिले' हे कृतज्ञतेचे वाक्य सर्वत्र ऐकू येते. भावनेच्या दृष्टीने ते खरे आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ते उद्देशिकेला छेद देते. आणि हा छेद स्वतः बाबासाहेबांनाही मान्य झाला नसता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी श्रेयाचा वाटा बेनेगल नरसिंग राव, मसुदा समितीतील सहकारी आणि मुख्य मसुदा लेखक मुखर्जी यांना दिला, आणि राजकारणातील व्यक्तिभक्ती ही अधोगतीची व अंती हुकूमशाहीची वाट आहे, असा इशारा दिला. ज्याने चेहऱ्याच्या भक्तीविरुद्ध बजावले त्याचाच चेहरा मुद्रेवर आहे. हा विरोध मुद्रा पाडणाऱ्यांनी निर्माण केला असला, तरी तो मिटविण्याचे काम पाहणाऱ्यांकडे आले आहे.

७. आक्षेप आणि उत्तर

यावर असा आक्षेप येऊ शकतो की मुद्रा हा ग्रंथ नव्हे. दोन बोटांच्या जागेत सर्वनामाचा सूक्ष्म भेद आणि अर्पणाचे वर्तुळ मावणार नाही. संक्षेप हाच मुद्रेचा गुण आहे. हा आक्षेप अर्धा मान्य करावयास हवा. मुद्रेने सर्व सांगावे ही अपेक्षा नाही. परंतु संक्षेप करताना काय ठेवावयाचे आणि काय गाळावयाचे याची निवड करावीच लागते, आणि निवड म्हणजे मत. राजमुद्रेच्या कर्त्याने एका श्लोकात कर्ता, क्रिया आणि प्रयोजन तिन्ही बसविली होती. १९५० च्या नाण्याने चेहरा गाळला; तोही संक्षेपच, पण अर्थपूर्ण. जागेची अडचण ही निवडीची सबब होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संविधान हे निराकार आहे, आणि निराकाराची निष्ठा सामान्य माणसाला पेलत नाही. त्याला चेहरा हवा असतो. ज्या समाजांना शतकानुशतके कोणत्याच मुद्रेवर स्थान नव्हते त्यांना हा चेहरा काढून घ्या असे सांगणे क्रूरपणाचे होईल. हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणून येथे चेहरा काढण्याची सूचना नाही. सूचना आहे ती चेहऱ्याला क्रिया देण्याची. लिहिणारा हात, मांडला जाणारा मसुदा, आणि तो स्वीकारणारी सभा यांपैकी काहीही चेहऱ्याशेजारी आले तरी मूर्तीचे रूपांतर प्रसंगात होते आणि पाहणाऱ्याला त्या प्रसंगात आपली जागा सापडते. संविधानाच्या मूळ सचित्र प्रतीत ही दृष्टी आढळते. नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजविलेल्या त्या प्रतीत शिवाजी महाराजांचे चित्र गुरू गोविंदसिंगांच्या चित्रासह निवडणुकांविषयीच्या पंधराव्या भागाच्या शीर्षस्थानी आहे. राजाचे चित्र मताधिकाराच्या कलमांवर येते, आणि त्याच्याखालचा मजकूर राजा निवडण्याचा नसून प्रतिनिधी निवडण्याचा असतो. चेहरा तोच, परंतु त्याच्याशेजारच्या शब्दांनी त्याचा अर्थ बदलला आहे.

शेवटी पुन्हा मोर्तबाकडे वळावे लागते. भारतीय संविधानात पहिली दुरुस्ती १९५१ मध्ये झाली आणि २०२३ पर्यंत दुरुस्त्यांची संख्या १०६ झाली. खुद्द उद्देशिकेच्या वाक्यात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शब्द वाढले. ज्या ग्रंथाचे पहिले वाक्यही बदलू शकते त्याची मुद्रा मात्र एकदाच पडते. त्यातून दोन मार्ग संभवतात. एक, मुद्रेने स्वतःला अखेरची लहान मुद्रा समजावे आणि 'येथे लेखन संपले' असे सांगावे. दुसरा, तिने पत्राच्या आरंभीच्या शिक्क्याचे काम करावे. तो शिक्का खालचा मजकूर कोणाच्या अधिकाराने लिहिला जात आहे एवढेच सांगतो आणि लेखनास वाट मोकळी ठेवतो. संविधानाच्या स्मारकमुद्रेला दुसराच मार्ग शोभतो. तो तिने पत्करला आहे किंवा नाही, हे तपासण्याची कसोटी सोपी आहे: मुद्रा हाती घेणाऱ्याने ती पाहून 'हे कोणी दिले?' असे विचारले तर ती फसली, आणि 'हे आम्ही काय करीत आहोत?' असे विचारले तर ती साधली.